सरासरी ठाणेकर रविवारी कुठे जातो?

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. ठाण्याच्या तलावपाळीवरही तेच. गर्दी असते म्हणूनच तर लोक जातात! त्याच ठाण्यात कुणी गळ्यात दुर्बीण अडकवून येऊरच्या जंगलाची वाट धरतो, आणि वाटेत दहा माणसं भेटली तरी त्याची सकाळ नासते.

या दोघांची सरासरी काढा. एकाला गर्दी हवी, दुसऱ्याला नको, बेरीज शून्य. म्हणजे ठाणेकराला गर्दीचं सोयरसुतक नाही. असा ठाणेकर मला तरी भेटलेला नाही.

मग कुणाला काय आवडतं, ते मोजायचं कसं? उद्यानाला तिकीट नसलं तरी लोक किती लांबून येतात ते पाहा, प्रवासखर्च हीच त्यांनी मोजलेली किंमत, असं अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्रातून सुचवलं होतं. डोंबिवलीकराचं येऊरचं तिकीट म्हणजे लोकल, पुढे बस किंवा रिक्षा, वर सुट्टीची अर्धी सकाळ.

निवडीचं गणित नंतर डॅनियल मॅकफॅडन यांनी बसवलं. त्यासाठी २००० साली नोबेलही मिळालं. अंतर, झाडी, पाणी, गर्दी यांना वजन द्यायचं. जिथली बेरीज मोठी, तिथे जाण्याची शक्यता जास्त. पण साध्या रूपात हे वजन सगळ्यांना सारखंच. समजा, उपवन तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. हे गणित तिथली माणसं उरलेल्या जागांवर त्या त्या जागेच्या लोकप्रियतेच्या प्रमाणात वाटून टाकतं, म्हणजे काही थेट मलंगगडावरही! प्रत्यक्षात पाण्याकाठी चार फेऱ्या मारणारे आजोबा कचराळी तलाव गाठतील. गड चढायला ते कशाला जातील?

ही खोट केनेथ ट्रेन यांनी १९९८च्या अभ्यासात हाताळली. विषय होता मोंटानातल्या नद्यांवर गळ टाकायला जाणारी माणसं. त्यांनी आवडीचं वजन एकच आकडा न मानता माणसागणिक बदलतं मानलं. असं समीकरण कागदावर सुटत नाही. संगणक वेगवेगळी वजनं पुन्हा पुन्हा घेऊन पाहतो आणि त्यातून आवडींचा पसारा किती, ते ठरवतो. एकाच माणसाच्या अनेक फेऱ्यांची नोंद असेल तर हे काम नेमकं होतं: पाचही रविवार तलावच निवडणाऱ्याची आवड लपत नाही.

तलावाकाठी दिवे, कारंजं, खाऊगल्ली आली की येणाऱ्यांचा आकडा फुगतो. मग पाहणी करणारे तिथेच उभे राहून 'आवडलं का?' असं विचारतात. दुर्बीणवाला तोवर यायचा बंद झालेला असतो. त्याला कोण विचारणार?