रंगाऱ्यांचं कॅमोमाईल

शेवंतीची पिवळीधमक चुलत बहीण म्हणावी असं हे झाड. मूळ युरोप आणि पश्चिम आशियातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं. लिनियसने 1753 मध्ये त्याचं नाव ठेवलं ‘अँथेमिस टिंक्टोरिया’. त्यातल्या दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘रंगाऱ्याचं’. आता शास्त्रज्ञ त्याला ‘कोटा टिंक्टोरिया’ म्हणतात.

बागेत ते फारसे लाड मागत नाही. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन पुरते. शेपूसारखी बारीक कातरलेली पानं, साठ-नव्वद सेंटीमीटर उंची आणि उन्हाळाभर फुलं. बहुवर्षायू असलं तरी आयुष्य थोडंच. म्हणून बहर ओसरताच माळी ते बुडाशी छाटतात, मग नवी फूट येते. ‘ई. सी. बक्स्टन’ या वाणाची फुलं फिक्या लिंबू रंगाची.

खरी गंमत पातेल्यात. फुलं उकळून गाळलेल्या पाण्यात तुरटी दिलेली लोकर बुडवली की ती छान पिवळी होते. हिराकस घातला तर तोच रंग हिरवट, काळपट उतरतो. ही किमया फुलांतल्या ल्युटिओलिनसारख्या फ्लेव्होनॉइडांची. तुरटीतलं ॲल्युमिनियम त्यांना धाग्याशी जखडून ठेवतं.

आपल्याकडे झेंडूच्या फुलांपासूनही याच रीतीने पिवळा रंग काढतात.