तळं वरून तापतं तेव्हा

आज आपण एका लांबच्या तळ्याची गोष्ट समजून घेऊ. आफ्रिकेत टांगानिका नावाचं सरोवर आहे. लांबी सुमारे ६७० किलोमीटर आणि खोली सुमारे १४७० मीटर. महाबळेश्वर समुद्रापासून जेवढं उंच, त्याहून थोडं जास्तच हे खोल. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांची माणसं त्याच्या काठावर राहतात.

या तळ्यात बोटाएवढी चंदेरी मासळी मिळते. टांझानियात तिला दागा म्हणतात. अंधाऱ्या रात्री होड्यांवर दिवे लावून पुरुष ती पकडतात. सकाळी ती वाळूवर पसरून सुकवायची आणि बाजारात विकायची, हे काम बहुतेक बायकांचं. आपल्या कोकणात सुकट घालतात, तसंच. पण ही मासळी आता कमी झाली आहे. का, ते पाहू.

चुलीवर पाणी ठेवलं की ते खालून तापतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर येतं, वरचं गार पाणी खाली जातं. सगळं पातेलं आपोआप ढवळलं जातं. तळं मात्र वरून, उन्हाने तापतं. वरचं पाणी गरम आणि हलकं, ते वरच राहतं. खालचं गार आणि जड, ते खालीच राहतं. उन्हाळ्यात विहिरीत उतरलेल्या बाईला हे ठाऊक असतं: वर पाणी कोमट, आणि पाय खाली गेले की गारेगार.

आता आमटीचं पातेलं आठवा. डाळ तळाशी बसते. पळीने ढवळलं नाही तर ताटात नुसतं पाणी येतं. खोल तळ्याचंही असंच. मेलेले जीव, पालापाचोळा, सगळं खाली जाऊन कुजतं. त्यातलं खत तळाशी साठतं. ते वर, उजेडात आलं तरच बारीक शेवाळ वाढतं. शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना दागा खाते, आणि दागा माणसं खातात.

टांगानिकाची पळी म्हणजे वारा. साधारण मे ते सप्टेंबर दक्षिणेकडून जोराचा वारा येतो. तो वरचं पाणी उत्तरेकडे ढकलतो आणि दक्षिणेच्या टोकाला खालचं गार, खताचं पाणी वर येतं.

पण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत जो धूर आणि वायू गेला, त्याने पृथ्वी तापते आहे. या तळ्याचं तापमान १९१३ सालीही मोजलेलं होतं. त्याच्याशी ताडून पाहिलं, तर पाणी तापल्याचं दिसतं, आणि तळापेक्षा वरचं जास्त. वाढ अंशाच्या आसपासची, ऐकायला थोडी. पण वरचं आणि खालचं पाणी यांच्या वजनातला फरक त्याने वाढतो, आणि पळी फिरवायला वाऱ्याला जास्त जोर लागतो. ढवळणं कमी, म्हणून वर येणारं खतही कमी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की शेवाळाची वाढ सुमारे २० टक्क्यांनी घटली असावी, आणि त्यामुळे मासळी सुमारे ३० टक्क्यांनी.

दुसरी गोष्ट श्वासाची. पाण्यातला प्राणवायू वरून येतो. टांगानिकात साधारण शंभर-दोनशे मीटरच्या खाली तो नाहीच, म्हणून तिथे मासे जगत नाहीत. ढवळणं कमी झालं की ही जगण्याजोगी जागा आणखी आक्रसते.

कुणी म्हणेल, जाळी फार झाली म्हणून मासे संपले. तेही खरं आहे. जाळी वाढली, बारीक झाली, पिल्लंही निघून जाऊ लागली. पण तळाच्या गाळाचे थर तपासणाऱ्यांना २०१६ साली दिसलं, की मोठ्या प्रमाणावरची मासेमारी विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू होण्याआधीच मासे कमी होऊ लागले होते. म्हणजे दोष एकट्या होडीवाल्याचा नाही.

उपाय म्हणून २०२४ साली टांझानियाने १५ मे ते १५ ऑगस्ट असे तीन महिने तिथली मासेमारी बंद ठेवली. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ठेवतात, तशी. माशांना वाढायला उसंत मिळते, हे चांगलंच. पण त्या तीन महिन्यांत सुकवायला मासळी नसते, आणि सुकवणारीच्या हाती पैसाही नसतो. बंदी ठरवताना तिच्या पोटाचा विचारही त्याच बैठकीत व्हायला हवा.

जाळं आवरणं काठावरच्या माणसांच्या हातात आहे. तळ्याला तापवणारा धूर मात्र बहुतेक दुसरीकडूनच येतो. वाळूवर दागा पसरणाऱ्या बाईने तो केलेला नाही, पण रिकामी टोपली तिच्याच डोक्यावर येते. मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला: आपल्या गावातही असं काय आहे, जे केलं एकाने आणि भोगतं दुसरंच कुणी?