चालता आले नाही, तरी जगता यावे

डोक्यावर जड ओझे घेतलेला मजूर घसरून पडतो, झाडावर चढलेल्याचा हात सुटतो; कणा दुखावतो आणि कमरेखालचे अंग निर्जीव होते. बांगलादेशातील अशा रुग्णांसाठी ब्रिटिश भौतिकोपचारतज्ज्ञ व्हॅलेरी टेलर यांनी १९७९ साली ढाक्यातील एका रुग्णालयाच्या पडीक गोदामांत पुनर्वसन केंद्र उघडले. १९९० साली ते ढाक्याजवळ सावार येथे हलले. बाई स्वतः १९६९ साली स्वयंसेविका म्हणूनच त्या भूमीत आल्या होत्या.

वाचकहो, आपल्या घरची एखादी व्यवसायोपचारतज्ज्ञ मुलगी अशा केंद्रात सेवेस निघाली, तर तिथे तिने करावे काय? येथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ पोटाचा धंदा नव्हे. स्नान, स्वयंपाक, कपडे घालणे हे सारे नित्याचे व्यवहार त्यात येतात. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकणे, अंगाला दाबाच्या जखमा होऊ नयेत म्हणून वेळोवेळी कूस बदलणे, हे तिने रुग्णाला शिकवावे. चूल जमिनीवर असेल तर उंच खुर्ची काय कामाची? तिथे चाकांची बुटकी गाडीच हवी. म्हणून आधी रुग्णाचे घर विचारावे, मग साधन निवडावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी असावी. स्वयंसेवक परततो, रुग्ण येतच राहतात. तेव्हा आपले कसब तेथील माणसांच्या हाती सोपवून यावे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा काढणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. त्यांनी शिकविलेली विद्या मात्र येथेच रुजली.