एक जिल्हा, दोन समुद्र, एक फिरतं घर

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा सगळ्यांना आधी कोकण आठवलं. आमची सूचना : गाडी बुलढाणा जिल्ह्यात घाला. समुद्र दिसणार नाही, पण दोन समुद्रांचं पाणी कुठे वेगळं होतं ते कळेल. इथले लोक जिल्ह्याचे सरळ दोन भाग करतात, ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’. तेरा तालुक्यांपैकी सहा वर, सात खाली. घाटावरचं बहुतेक पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, घाटाखालचं तापीतून अरबी समुद्राला.

पूर्णा दोन, घोटाळा एक. देऊळगाव मही, देऊळगाव राजा या भागातली खडकपूर्णा पुढे पूर्णा म्हणून गोदावरीला मिळते. घाटाखालची पूर्णा सातपुड्यातून येते आणि तापीला मिळते. तेव्हा ‘पूर्णेकाठी मुक्काम’ एवढंच ठरवून दोन गाड्या निघाल्या, तर रात्री मध्ये अख्खा डोंगर असेल! खडकपूर्णेवरच्या धरणाचं नाव संत चोखासागर. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं.

सिंदखेड राजा. जिजाऊंचं जन्मगाव. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, इथे गाडी लावायला जागा मिळेल या भ्रमात राहू नका. जून २०२४ मध्ये जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचं काम सुरू असताना जमिनीतून शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली.

लोणार : ना इकडचं, ना तिकडचं. जिल्ह्यातलं सगळं पाणी कुठल्या ना कुठल्या समुद्राच्या वाटेला लागतं. लोणारचं तळं मात्र कुठेच जात नाही. अशनी आदळून बेसॉल्ट खडकात पडलेलं हे विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आत आलेलं पाणी बाहेर पडायचं ते फक्त वाफ होऊन. क्षार मागेच राहतात, म्हणून पाणी खारट आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. ‘ऐन-ए-अकबरी’त या जागेची नोंद आहे ती निसर्गसौंदर्यासाठी नव्हे, तर साबण आणि काच बनवायला लागणाऱ्या मालासाठी. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शाप, चमत्कार, लॉकडाऊन सगळं बोलून झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि मीठ मानवणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले होते, रंग त्यांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. गंमत म्हणजे, या खाऱ्या तळ्याच्या काठावरच गोमुखाची गोड्या पाण्याची धार आहे.

मेहकर, पैनगंगेकाठी. इथे शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती आहे, १८८८ मध्ये सापडलेली. इथेच कवी ना. घ. देशपांडे वकिली करत. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांत जाऊन बसली. जवळच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून वाढतात. वाढपी दमतील, ट्रॅक्टर कसा दमेल?

खरा भटक्या. आपण कितीही फिरलो तरी विक्रम दुसऱ्याच्याच नावावर. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून मुक्काम न् मुक्काम ठाऊक. थोडा तेलंगणातही जाऊन आला, शेतं, महामार्ग, नदीनाले ओलांडले आणि डिसेंबरात बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढची भटकंती धरून नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर चाल! टिपेश्वर पैनगंगेच्या, म्हणजे गोदावरीकडे जाणाऱ्या पाण्याच्या खोऱ्यात, ज्ञानगंगेचं पाणी तापीकडे. म्हणजे गड्याने समुद्रही बदलला. टोल शून्य.

पायी चालणारी माणसंही कमी नाहीत. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते आणि पायीच परत येते. परतीची वाट सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव. आपण मोटारीतून जातोय ती हीच.

घाट उतरला की खामगाव. आज चांदीसाठी प्रसिद्ध, पण एके काळी इथल्या कापसावर मँचेस्टरचा डोळा होता. म्हणून जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले.

शेगाव. दर्शन आधी की कचोरी आधी, हे ज्याचं त्याने ठरवावं. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी स्टेशनवर विकायला सुरुवात केलेली ही चपटी कचोरी रेल्वेनेच देशभर पोचवली. सोबत तळलेली मिरची. चटणी मागणाऱ्याकडे आम्ही जरा संशयाने बघतो.

एक सूचना : गाडीची पाण्याची टाकी इथे बघून भरा. पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागात विहिरी-बोअरचं पाणी खारं लागतं. पूर्णेकाठच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात धान्यांचं रिंगण, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याने भरलेली घागर, पुरी, पापड, पानविडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं, यावरून पाऊस-पिकाचं भाकीत. पानविडा म्हणजे राजा, त्यामुळे राजकीय बातमीदार पहाटेच हजर. हवामान खात्याला हे मान्य नाही. पेरणीच्या गप्पांत मात्र दोघांचंही नाव निघतं.

शेवटचा फाटा : नांदुरा. ज्ञानगंगेकाठचं गाव, महामार्गालगत १०५ फुटी हनुमान. हा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच महामार्गावर अमरावती-अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. मूर्तीचे १०५ फूट आणि विक्रमाचे १०५ तास, हा निव्वळ योगायोग. पण गाडीतल्या पोरांना सांगायला छान. हाच रस्ता पश्चिमेला सुरतेजवळच्या हजिऱ्यापर्यंत जातो, जिथे तापी पूर्णेचं पाणी घेऊन समुद्राला मिळते, आणि पूर्वेला ओडिशातल्या पारादीपला, थेट बंगालच्या उपसागरावर. सुट्टी किती शिल्लक आहे ते बघा आणि इंडिकेटर द्या.