खांदा अर्धवट निखळतो तेव्हा

कबड्डीत चढाई करणाऱ्या खेळाडूचा हात मागे खेचला गेला, की कधीकधी त्याचा खांदा क्षणभर सरकतो आणि आपोआप जागेवर येतो. वेदना थोड्या वेळाने ओसरतात, म्हणून ‘लचक भरली असेल’ असे समजून प्रकरण तेथेच सोडून दिले जाते. वस्तुतः ही खांद्याचा सांधा अर्धवट निखळण्याची घटना असू शकते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास तोच खांदा पुन्हा पुन्हा सरकू लागतो.

सांध्याची रचना

‘खांद्याचा फरा सरकला’ असे बोलण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात पाठीवरील हे त्रिकोणी, चपटे हाड बहुधा जागीच असते. सरकतो तो दंडाच्या हाडाचा गोल माथा. फऱ्याच्या बाहेरील कडेस एक उथळ खोबण असते व तीत हा माथा फिरतो. हा उखळीचा सांधा होय. मात्र मांडीच्या सांध्याची उखळ खोल असते, तर खांद्याची बशीसारखी उथळ. त्यामुळेच हात सर्व दिशांना फिरतो. पण स्थैर्य कमी पडते. ही उणीव खोबणीच्या कडेची कूर्चेची चकती, अस्थिबंध आणि सांध्याभोवतीचे ४ स्नायू भरून काढतात.

माथा खोबणीतून पूर्ण बाहेर पडला तर सांधा निखळला असे म्हणतात. थोडासा सरकून परत आला तर तो अर्धवट निखळला. पूर्ण निखळण्याच्या सुमारे ९५ टक्के घटनांत माथा पुढच्या बाजूस जातो. अशा वेळी पुढील कडेची चकती फाटू शकते. इंग्रज शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या इजेचे महत्त्व दाखवून दिले. फाटलेली कड नीट न जुळल्यास माथ्याला वाट मोकळी राहते. पहिली इजा कोवळ्या वयात झाली असेल तर ती पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो.

लक्षणे व प्रथमोपचार

खांदा ‘सुटल्या’सारखा वाटणे, हात डोक्यावर नेताना भीती वाटणे, क्षणभर हात बधिर वा निर्जीव होणे ही प्रमुख लक्षणे होत. खांद्याचा गोलवा जाऊन तो चपटा दिसू लागला, तर सांधा पूर्ण निखळल्याची शंका घ्यावी.

अशा प्रसंगी हात ओढून सांधा बसविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. चोळू किंवा मालीशही करू नये. सांध्यालगत मज्जातंतू व रक्तवाहिन्या असतात. हाडाला तडा गेला असल्यास ओढाताणीने इजा वाढते. हात आहे त्याच स्थितीत, त्रिकोणी पट्टीने किंवा उपरण्याने झोळी करून आधार द्यावा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. बोटे गार पडली, निळसर झाली वा बधिर राहिली, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. क्ष-किरण चित्रावरून हाडांची स्थिती कळते. चकतीची इजा पाहण्यासाठी एमआरआय तपासणी लागते.

उपचारांत काही काळ विश्रांती आणि त्यानंतर स्नायू बळकट करणारे व्यायाम यांना प्रमुख स्थान आहे. खांदा वारंवार सरकत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. वेदना थांबल्या म्हणजे सांधा बरा झाला असे नव्हे. म्हणून डॉक्टरांच्या संमतीवाचून विद्यार्थ्यास मैदानात उतरवू नये.

पक्षाघाताच्या रुग्णाची काळजी

पक्षाघाताने स्नायू दुर्बल झाल्यास लोंबणाऱ्या हाताच्या भारानेच माथा खाली सरकतो. येथे कारण अपघात नसून आधाराचा अभाव हे असते. अशा रुग्णास उठविताना दुर्बल हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये; कमरेला व पाठीला आधार द्यावा. बसविताना तो हात उशीवर ठेवावा. ही साधी गोष्ट घरच्यांना समजावून सांगितली, तर रुग्णाच्या पुष्कळशा वेदना टळतील. शाळेतील प्रथमोपचार पेटीत त्रिकोणी पट्टी ठेवणे आणि गावच्या आरोग्य सभेत ही माहिती देणे, एवढे तरी प्रत्येक गावास सहज शक्य आहे.