पहेला सांभळो, पछी खोलो : जुन्या गाडीच्या इंजिनाचा आवाज ओळखताना



ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला आलेला पूर आपण सर्वांनी पाहिला. त्यानंतर कितीतरी गाड्या महिनोन्महिने पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या. काही भंगारात गेल्या, तर काही स्वस्तात विकल्या गेल्या आणि आज जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरत आहेत. अशी गाडी घेताना किंवा घरची गाडी पुन्हा चालू करताना इंजिनातून वेगळा आवाज आला, तर काय करावे याविषयी हा लेख आहे. निमित्त घरचेच आहे.

माझ्या धाकट्या भावाने हौसेने एक जुनी सॅन स्टॉर्म घेतली होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचे, ११४९ सीसी, चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह. भाऊ गेल्यानंतर ती कव्हरखाली उभीच होती. पुराचे पाणी चाकांपर्यंत आले. इंजिनात शिरले नाही, पण ओल बरेच दिवस हटली नाही. पुतण्याने बॅटरी, ऑइल आणि पेट्रोल बदलून गाडी चालू केली, तेव्हा टक-टक आवाज येऊ लागला. अकोटा-दांडियाबाजार पुलावर जोर दिला की इंजिन अडखळे आणि फडफड करी.

पहिल्या गॅरेजमध्ये सांगितले, “बेअरिंग गेले, इंजिन पूर्ण उतरवावे लागेल.” खर्चाचा आकडा पुतण्याच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा होता. तो मला म्हणाला, “काका, देऊन टाकू या का भंगारात?” वडिलांची गाडी, त्यामुळे बोलताना त्याचा आवाज जड झाला होता.

मग ओळखीतून एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाना हातात घेतलाच नाही. म्हणाला, “पहेला सांभळो, पछी खोलो.” आपण बडोदेकर दोन्ही भाषांत वाढलेले. गुजरातीत सांभळो म्हणजे ऐका आणि मराठीत सांभाळा म्हणजे जपा. इंजिनाच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे ठरतात.

आवाज कसा ऐकायचा

सर्वांत आधी ऑइलची पातळी पाहावी. ऑइल कमी असेल किंवा त्याचा दाब पडला असेल, तर चांगले इंजिनही वाजते. अशा वेळी इंजिन चालवत ठेवून आवाज ऐकत बसू नये, लगेच बंद करावे.

त्यानंतर आवाजाची लय पाहावी. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. आयडलला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो. त्यामुळे एखाद्या व्हॉल्व्हची टक-टक तुलनेने संथ आणि बारीक असते. क्रँककडचा आवाज दुप्पट वेगाने, जड आणि खालच्या बाजूने येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाजवळ धरली की आवाज कुठून येतो ते कळते. पंखा आणि बेल्ट यांपासून मात्र दूर राहावे. आमचा आवाज वरून, हेडच्या झाकणाखालून येत होता.

चौथी परीक्षा निर्णायक आहे. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर थोडा वेळ काढून तो सिलिंडर बंद करायचा. आवाज बेअरिंगचा असेल, तर त्या सिलिंडरवरचा जोर जाताच तो बराच कमी होतो. व्हॉल्व्हकडचा असेल, तर सहसा फरक पडत नाही. आमच्या गाडीत फरक पडला नाही. बेअरिंगचे निदान तिथेच डळमळले.

एक फसवा आवाजही लक्षात ठेवावा. एक्झॉस्टची गॅस्केट गळत असेल, तर तीही टक-टक करते. इंजिन तापल्यावर धातू फुगतो आणि हा आवाज बऱ्याचदा कमी होतो. जोडाजवळ काजळी दिसते. आमच्याकडे ती नव्हती.

शेवटी मिस्त्रीने इनटेकला व्हॅक्यूम गेज लावले. आयडलला काटा ठराविक अंतराने दचकत होता आणि रेस वाढवताच जोरात हेलकावे खाऊ लागला. तो म्हणाला, “स्प्रिंग.”

स्प्रिंग काय करते

कॅम व्हॉल्व्ह उघडतो, पण बंद करण्याचे काम स्प्रिंगचे असते. ६००० फेऱ्यांना ती हे काम सेकंदाला ५० वेळा करते. स्प्रिंग कमजोर झाली की जास्त वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, तरंगत राहतो. मग इंजिन अडखळते आणि फडफडते. स्पोर्ट्स कार जास्त वेगात चालवली जाते, म्हणून हा दोष तिच्यात लवकर जाणवतो.

इंजिन उभे असताना काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, म्हणजे त्यांच्या स्प्रिंगवर सतत ताण असतो. त्यात ओल शिरली की गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि तिथूनच चीर जाते. झाकण उघडल्यावर एक स्प्रिंग तुटलेलीच सापडली. दोन्ही तुकडे एकमेकांत गुंतल्यामुळे ती कशीबशी काम करत होती. तशीच चालवली असती, तर एखाद्या दिवशी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडून पिस्टन आणि हेड दोन्ही गेले असते. म्हणजे पहिल्या गॅरेजचा खर्च खरोखरच करावा लागला असता.

बदलण्याचे काम

हेड न उतरवताही हे काम होऊ शकते. प्लग काढून त्या भोकातून स्वच्छ दोरी सिलिंडरमध्ये सोडायची आणि इंजिन हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी खालून व्हॉल्व्हला आधार देते, तो खाली पडत नाही. दोरीचे टोक बाहेर राहिलेच पाहिजे. ऑइल खाली जाण्याची भोके फडक्याने बंद करावीत, कारण व्हॉल्व्ह लॉकचे दोन इवलेसे तुकडे आत पडले तर ते शोधण्यात दिवस जातो. रॉकर बाजूला करून कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबायची, चुंबकाने लॉक काढायचे आणि नवी स्प्रिंग बसवायची. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर गोळीसारखी उडते.

एकच स्प्रिंग बदलून भागत नाही. बाकीच्या सात व्हर्नियरने मोजल्या, तेव्हा काही आखूड झालेल्या निघाल्या. म्हणून आठही बदलल्या. त्याबरोबर व्हॉल्व्हचे ऑइल सीलही बदलले. हे इंजिन युरोपात रेनॉच्या क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत होते, त्यामुळे सुटे भाग तिकडून मागवता आले. शेवटी दोरी काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले, कुठे अडकत नाही ना ते पाहिले, थंड इंजिनावर फिलर गेजने टॅपेट सेट केले आणि मगच स्टार्टर मारला. हे काम घरी करण्याचे धाडस मात्र करू नये. अनुभवी मिस्त्री हवा.

एकूण खर्च आधी सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्शाच्या आत आला.

आपल्यापैकी कोणी जुनी गाडी घेणार असेल, तर एवढे करावे. विकणाऱ्याला सांगावे की गाडी आधी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावे, कारण तापलेले इंजिन बरेच आवाज लपवते. झाकण काढून आत गंज आहे का ते पाहावे. पुलावर चढताना जोर देऊन पाहावे. आणि कोणी इंजिन उतरवायला सांगितले, तर कोणती तपासणी करून हे ठरवले, एवढा एकच प्रश्न विचारावा.

दसऱ्याला पुतण्याने गाडीला झेंडूचा हार घातला. गाडीत दोनच सीट. शेजारी त्याची आई बसली. दोघे पुलावरून दांडियाबाजारला जाऊन परत आले, तेव्हा मी फाटकाशी उभा राहून नुसता आवाज ऐकत होतो.