पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही नोकरदाराची पगाराची स्लिप घ्या. कपातीच्या रकान्यात बहुधा ‘पीटी’ सापडेल, म्हणजे व्यवसाय कर: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. घाटकोपरच्या दुकानाचं मालमत्ता कराचं बिल बघा, त्यात ‘रोजगार हमी उपकर’ असतो. या दोन ओळींचा माग काढत गेलं की माणूस थेट दुष्काळी रानात पोचतो!

सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक गहुलीच्या शेतकरी घरातले. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आजही राज्यात कृषी दिन असतो. पागे यांनी कामाच्या हमीची कल्पना १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात अजमावून पाहिली. मग १९७२ चा दुष्काळ आला. पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती.

यातून आलेल्या रोजगार हमी योजनेची रचना बघा. पेरणी-काढणीला गावात हाताला काम असतं, मधले महिने रिकामे जातात. कुठल्या गावात ते कधी सुरू होतील, हे मंत्रालयात बसून कळत नाही. म्हणून किल्ली मजुराच्या हाती दिली. त्याने मागायचं आणि सरकारने पंधरा दिवसांत काम द्यायचं. गरीब कोण, हे ठरवत बसायला नको. उन्हात माती उपसायला गरजू माणूसच येतो. कामं बहुतेक पाण्याची होती: पाझर तलाव, नालाबांध, विहिरी. मजुरी लगेच हातात, पाणी पुढच्या पावसानंतर.

पैशासाठी १९७५ मध्ये शहरी पगारदारांवर व्यवसाय कर लागला. मी थक्क होतो ते याच्या पुढे. उपकर ओलिताच्या शेतजमिनीवरही बसला. सभागृहात कितीतरी सदस्य शेतकरी घरांतले होते, आणि त्यांनी बागायतीवर कर लावला तो कोरडवाहू गावांतल्या मजुरांसाठी. पाऊस हुकला की मजुराच्या चुलीचं काय होतं, हे त्यांना अहवालातून समजून घ्यावं लागलं नाही. मुंबईच्या उपनगरांतून विधानसभेत २६ आमदार जातात. त्यांच्या शेजारच्या बाकावर शेत कसलेला माणूस असावा, असं मला मनापासून वाटतं ते यामुळेच.

महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. देशाने असा कायदा केला २००५ साली.